आमचे रूट दुसराच कोणी अनाउन्स करतोय, आता काय?

प्रश्न : आमचे नेटवर्क छोटे आहे. स्वतःचा एएस नंबर (नेटवर्कचा ओळख क्रमांक), पत्त्यांचा एक /२२ (१,०२४ आयपी पत्त्यांचा सलग गट) आणि दोन अपस्ट्रीम (आम्हाला इंटरनेट पुरवणारी नेटवर्क), एवढाच पसारा. मागे एका रात्री ग्राहकांचे फोन सुरू झाले, साइट उघडत नाहीत म्हणून. आमचे राउटर ठीक होते, लिंक चालू होत्या, पण येणारा ट्रॅफिक एकदम खाली आला होता. बऱ्याच वेळाने एका ओळखीच्या इंजिनिअरने कळवले की भलतेच नेटवर्क आमच्या /२२ मधला एक /२४ (२५६ पत्ते) स्वतःचा म्हणून अनाउन्स, म्हणजे जाहीर, करत आहे. आम्ही त्यांना मेलवर मेल पाठवले, उत्तर आले नाही. सकाळी ते आपोआप थांबले. पुन्हा असे झाले तर काय करायचे आणि कोणत्या क्रमाने?
– रात्रपाळीला एकटी असणारी एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातल्या 'उत्तर आले नाही' या शब्दांपाशी मी थांबले. मेल कुठल्या सर्व्हरवरून पाठवला होता? तुमचा मेल सर्व्हर त्याच पळवलेल्या /२४ मध्ये असेल, तर तो मेल बहुधा निघालाच नसेल. कनेक्शन जोडायला समोरून परतीची पॅकेट यावी लागतात, आणि ती तर त्या दुसऱ्या नेटवर्ककडे चालली होती. सर्व्हरचे लॉग काढून पाहा, मेल रांगेत अडकून पडलेले सापडतील. ऑफिसचे फोन इंटरनेटवरून चालत असतील तर त्यांचीही तीच गत. म्हणून आजच एक काम करा : तुमच्या पत्त्यांच्या पूर्ण बाहेर, दुसऱ्या कोणाच्या सेवेवर, नॉकसाठी (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कक्षासाठी) एक मेल खाते उघडा. अपस्ट्रीमच्या नॉकचे नंबर मोबाइलमध्ये साठवा आणि कागदावर लिहून टेबलाजवळही लावा. जी यादी तुमच्याच सर्व्हरवरच्या विकीत आहे, ती त्या रात्री उघडणार नाही.

हे असे होऊ शकते, कारण बीजीपीत (नेटवर्कनी एकमेकांना मार्ग, म्हणजे रूट, सांगण्याच्या प्रोटोकॉलमध्ये) प्रत्येक नेटवर्क शेजाऱ्याला 'हे पत्ते माझ्याकडे आहेत' असे सांगते आणि शेजारी ते पुढच्याला सांगतो. सांगणाऱ्याचा त्या पत्त्यांवर हक्क आहे की नाही, हे प्रोटोकॉल स्वतःहून तपासत नाही. त्यात राउटर नेहमी जास्त नेमका रूट (तिरप्या रेघेनंतरचा आकडा मोठा, म्हणजे पत्ते कमी) निवडतो. तुम्ही /२२ अनाउन्स करता आणि त्याने त्यातला /२४ केला, तर त्या २५६ पत्त्यांसाठी जिथे जिथे त्याचा रूट पोचला तिथे तो जिंकला. तुमचा मार्ग कितीही जवळचा असला तरी त्याचा उपयोग नाही.

आता क्रम. पहिले काम खात्री करण्याचे, आणि ते तुमच्या राउटरवरून होत नाही. तुमच्या राउटरला तुमचे पत्ते तुमच्याकडेच दिसणार. बाहेरून पाहायचे. राइपस्टॅट आणि राउटव्ह्यूज (जगभर दिसणारे रूट दाखवणाऱ्या साइट), मोठ्या ट्रान्झिट नेटवर्कची लुकिंग ग्लास पाने (त्यांच्या राउटरला काय दिसते ते दाखवणारी), हे सगळे मोबाइल डेटावरून उघडा आणि आपला प्रीफिक्स, म्हणजे आपला पत्त्यांचा गट, शोधा. त्यातल्या एएस पाथकडे (रूट ज्या नेटवर्कमधून आला त्यांच्या नंबरांच्या ओळीकडे) नीट पाहा. समजा तुमचा नंबर ६४५०० आहे आणि पाथ दिसतो '६४४९९ ६४५०५ ६४५१०'. सगळ्यात उजवीकडचा ६४५१० हा अनाउन्स करणारा. त्याच्या डावीकडचा ६४५०५ हा त्याच्याकडून रूट घेऊन पुढे देणारा. या दुसऱ्या नंबरभोवती ठळक गोल काढून ठेवा. पाथचे स्क्रीनशॉट घ्या, वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) लिहा. नंतर कोणाशीही बोलताना हाच पुरावा.

मग दोन मिनिटे घरातच विचारा. ही दोन मिनिटे मी कधीच वगळत नाही. मी हाताळलेल्या एका प्रकरणात 'हायजॅक' करणारा निघाला त्या कंपनीचा जुना अपस्ट्रीम. करार संपला होता, पण त्याच्या एका राउटरवर तो प्रीफिक्स स्टॅटिक लिहिलेला तसाच राहिला होता आणि कुठल्याशा रीस्टार्टनंतर तो पुन्हा बाहेर पडला. कधी डीडॉस (ट्रॅफिकचा पूर सोडून केलेला हल्ला) रोखणाऱ्या सेवेला आपल्याच सहकाऱ्याने परवानगी दिलेली असते आणि नॉकला कोणी सांगितलेले नसते. कधी ग्राहकाला दिलेल्या अधिकारपत्राची मुदत संपलेली असते, एवढेच. उजवीकडचा नंबर अगदी लहान, म्हणजे २ किंवा ३ असा दिसला, तर बहुधा तो प्रीपेंडचा घोळ असतो. आपला नंबर पाथमध्ये दोनदा जोडायचा म्हणून कोणीतरी सेटिंगमध्ये '२' लिहिले, आणि राउटरने त्याला एएस नंबर मानले. तो कोणीतरी म्हणजे तुमचाच ग्राहक किंवा शाखा असण्याचीही शक्यता असते.

घरचे कोणी नाही हे कळले की दोन गोष्टी एकाच वेळी सुरू करायच्या : ट्रॅफिक परत खेचणे आणि तो रूट उपटून काढायला लावणे. एकट्या असाल तर झोपलेल्या सहकाऱ्याला उठवा. एक हात कीबोर्डवर आणि एक फोनवर असे हे काम एकटीने होत नाही.

ट्रॅफिक परत खेचायचा म्हणजे तोच /२४ आपणही अनाउन्स करायचा. पण घाईत इथे मोठी गफलत होते, म्हणून सावकाश सांगते. तुमच्या /२२ साठी आरपीकेआयमध्ये (पत्त्यांच्या हक्काच्या सही केलेल्या नोंदींच्या व्यवस्थेत) आरओए, म्हणजे कोणता एएस नंबर कोणते पत्ते अनाउन्स करू शकतो याची नोंद, केलेला असेल आणि त्यात कमाल लांबी (तिरप्या रेघेनंतरचा आकडा) २२ असेल, तर तुम्ही स्वतः अनाउन्स केलेला /२४ सुद्धा 'इनव्हॅलिड' ठरतो. तुमचा अपस्ट्रीम इनव्हॅलिड रूट टाकून देणारा असेल (आणि चांगला अपस्ट्रीम तसाच असतो) तर तुमचा बचाव त्याच्या दारातच अडेल. म्हणून आधी तुमच्या प्रादेशिक नोंदणी संस्थेच्या, म्हणजे एपीनिक, राइप, ॲरिन, लॅकनिक किंवा ॲफ्रिनिक यांपैकी जी असेल तिच्या, पोर्टलवर जाऊन त्या /२४ साठी तुमच्या एएस नंबराचा आरओए बनवा आणि लगेच /२४ अनाउन्स करा. नवा आरओए जगभरच्या राउटरपर्यंत झिरपायला काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. तोवर /२२ ला हात लावू नका, तो चालूच ठेवा. इनव्हॅलिड टाकून देणारी नेटवर्क त्या परक्याचा /२४ ही टाकून देतात, आणि त्यांना तुमच्यापर्यंतचा रस्ता त्या /२२ मधूनच मिळतो.

दुसरी आडकाठी तुमच्या अपस्ट्रीमच्या प्रीफिक्स फिल्टरची. 'या ग्राहकाकडून फक्त हा /२२' असा फिल्टर असेल तर तुमचा /२४ तिथेही पडतो. शांत दिवशीच त्यांना लेखी कळवून '/२२ पासून /२४ पर्यंत' असे करून घ्या, आणि आयआरआरमध्ये (रूटच्या सार्वजनिक नोंदवहीत) रूट ऑब्जेक्ट, म्हणजे रूटच्या नोंदी, लागत असतील तर तेही नोंदवा. त्या रात्री हे करायला लावणे म्हणजे तिकिटाची वाट पाहत बसणे.

हे सगळे जमले तरी सगळा ट्रॅफिक परत येईल असे समजू नका. आता दोघांचाही /२४ आहे, म्हणजे लांबी सारखी. अशा वेळी प्रत्येक नेटवर्क आपल्या सोयीचा रूट निवडते. तो ज्यांचा ग्राहक आहे, ती नेटवर्क त्याचाच निवडतील, कारण ग्राहकाकडून आलेल्या रूटला सगळेच वरचा मान देतात. पाथची लांबी त्यानंतर पाहिली जाते. एरवी एखाद्या लिंकवर भार कमी राहावा म्हणून तुम्ही प्रीपेंड करत असाल, तर या /२४ वरचे प्रीपेंड काढून टाका. इंटरनेट एक्स्चेंजच्या (नेटवर्क एकमेकांना जोडली जातात त्या जागेच्या) राउट सर्व्हरवर असाल तर तिथेही तो अनाउन्स करा. मग /२५ का नको, असे तुम्ही विचाराल. करून पाहायला हरकत नाही, पण आयपीव्ही४ मध्ये /२४ हून लांब प्रीफिक्स बहुतेक नेटवर्क घेतच नाहीत, आयपीव्ही६ मध्ये ही रेघ /४८ ला आहे. त्याने पळवलेलाच तुमचा एकमेव /२४ असता, तर तुमच्या हातात याहून नेमके काही उरले नसते.

म्हणून खरा निकाल फोनवर लागतो. आणि फोन कोणाला, याबद्दल माझे मत पक्के आहे : ज्याने चुकीचा रूट अनाउन्स केला त्याच्या आधी, ज्याने तो स्वीकारून पुढे नेला त्याला गाठा. मघाशी गोल काढलेला तो ६४५०५.

२४ फेब्रुवारी २००८ ची घटना अभ्यासण्यासारखी आहे, कारण तिच्या वेळा राइपने मिनिटामिनिटाने नोंदवून ठेवल्या आहेत. पाकिस्तान टेलिकॉमला देशात यूट्यूब बंद करायचे होते. त्यासाठी केलेला २०८.६५.१५३.०/२४ हा रूट १८:४७ यूटीसीला बाहेर निसटला. यूट्यूब स्वतः त्यावरचा /२२ अनाउन्स करत होते. पाकिस्तान टेलिकॉमचे अपस्ट्रीम पीसीसीडब्ल्यू. त्यांनी तो /२४ जगाला दिला आणि जगभरचा यूट्यूबचा ट्रॅफिक तिकडे वळला. २०:०७ ला यूट्यूबने तोच /२४ अनाउन्स केला, काही ट्रॅफिक परत आला. २०:१८ ला दोन /२५ केले, आणखी थोडा आला. पण प्रकरण मिटले ते २१:०१ ला, पीसीसीडब्ल्यूने पाकिस्तान टेलिकॉमचे सगळे रूट मागे घेतले तेव्हा. यूट्यूबसारख्या कंपनीलाही शेवटी त्या मधल्या दुव्यानेच सोडवले, मग तुम्ही-आम्ही थेट तिथूनच सुरुवात का करू नये?

फोन नंबर पीअरिंगडीबीवर (नेटवर्कच्या माहितीची सार्वजनिक यादी) नॉकच्या नावाखाली मिळतो, नाहीतर हूइजच्या, म्हणजे पत्ते कोणाच्या नावावर आहेत त्या, नोंदीत. पण त्याहीआधी तुमच्या स्वतःच्या दोन्ही अपस्ट्रीमना फोन करा. तुम्ही त्यांचे पैसे भरणारे ग्राहक आहात, त्यांना उचलावाच लागतो. मोठ्या नेटवर्कच्या रात्रपाळीतल्या माणसांशी त्यांची थेट ओळख असते, आणि ६४५०५ सारख्या समोरच्याच्या अपस्ट्रीमला तुमच्यापेक्षा त्यांचा शब्द लवकर पटतो. मूळ अनाउन्स करणाऱ्यालाही फोन आणि मेल करायचाच, फक्त त्याच्या उत्तराची वाट पाहत बसायचे नाही.

मेल छोटा ठेवा. माझ्या मेलच्या विषयातच प्रीफिक्स आणि दोन्ही एएस नंबर असतात. आत एवढेच : 'अमुक /२४ हा आमच्या एएस ६४५०० चा आहे, त्याचा आरओए असा आहे, नोंदणीची लिंक ही. आज इतके वाजून इतक्या मिनिटांपासून यूटीसी, एएस ६४५१० तो अनाउन्स करत आहे आणि तुमच्या ६४५०५ मधून तो पुढे जात आहे. सोबत तीन ठिकाणचे पाथ. कृपया या ग्राहकाकडून येणारा हा रूट फिल्टर करा. माझा मोबाइल नंबर हा, मी आत्ता जागी आहे.' 'हल्ला', 'चोरी', 'कायदेशीर कारवाई' हे शब्द मी पहिल्या मेलमध्ये लिहीत नाही. यातली बरीच प्रकरणे टायपिंगच्या किंवा फिल्टर विसरल्याच्या चुकीची असतात. आरोप दिसला की नॉकचा माणूस तो मेल कायदेविभागाकडे पाठवतो, आणि तिथे रात्री कोणी नसते.

सकाळी ते आपोआप थांबले, त्यावर तुम्ही फाइल बंद केलेली दिसते. ती उघडा. एप्रिल २०१८ मध्ये ॲमेझॉनच्या डीएनएस सेवेचे काही /२४ सुमारे दोन तास वळवले गेले होते. त्यातून मायइथरवॉलेट या क्रिप्टोचलनाच्या पाकिटाच्या वापरकर्त्यांना खोट्या साइटवर नेले आणि त्यांचे पैसे लुटले. तिथे ब्राउझर सर्टिफिकेटची (साइटच्या खरेपणाच्या दाखल्याची) धोक्याची सूचना तरी दाखवत होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये दक्षिण कोरियातल्या क्लेस्वॅप या क्रिप्टोचलन सेवेच्या प्रकरणात हल्लेखोरांनी रूट वळवून ठेवलेल्या काळातच त्या डोमेनचे खरेखुरे सर्टिफिकेट मिळवले, त्यामुळे सूचनाही आली नाही. तेव्हा सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या लॉगमध्ये (निघालेल्या सर्टिफिकेटच्या सार्वजनिक नोंदींत) तुमच्या आणि तुमच्या ग्राहकांच्या डोमेनसाठी त्या रात्रीच्या तासांत नवे सर्टिफिकेट निघाले का ते पाहा. निघाले असेल तर ते रद्द करायला लावा, आणि त्या /२४ मध्ये डीएनएस किंवा लॉगिनचे सर्व्हर असतील तर पासवर्ड बदलायला सांगा. ग्राहकांना काय झाले ते स्पष्ट कळवा. राइपस्टॅटवर जुना इतिहास राहतो, त्यावरून सुरुवातीची आणि शेवटची वेळ आजही काढता येईल.

पुढच्या वेळी ओळखीच्या इंजिनिअरवर अवलंबून राहू नका. बीजीपीअलर्टर हे मुक्त सॉफ्टवेअर राइपच्या थेट प्रवाहावरून तुमचे प्रीफिक्स पाहत राहते आणि परका एएस नंबर दिसला की कळवते. ते बसवायला एक दुपार पुरते. फक्त त्याची सूचना बाहेरच्या मेलवर आणि मोबाइलवर येईल असे करा.

प्रश्न : आमच्या सर्व प्रीफिक्सना आरओए आहेत, कमाल लांबी २४ ठेवली आहे म्हणजे गरज पडली तर लगेच तुकडे करून अनाउन्स करता येतील. तरीही एका परक्या नेटवर्कने आमचा /२४ अनाउन्स केला आणि तो सगळीकडे 'व्हॅलिड' दिसत होता. हे कसे शक्य आहे?

उत्तर : त्याने पाथच्या उजव्या टोकाला तुमचा नंबर लिहिला आणि त्याच्या डावीकडे स्वतःचा. आरओए फक्त एवढेच पाहतो की टोकाला असलेल्या नंबराला तो प्रीफिक्स अनाउन्स करायचा हक्क आहे का. तो नंबर खरोखर तिथे आहे का, हे तो पाहत नाही. आणि तुमच्या कमाल लांबीने त्याचे काम सोपे केले. तुम्ही प्रत्यक्षात अनाउन्स करता फक्त मोठा प्रीफिक्स, पण परवानगी दिलीत सगळ्या /२४ ना. त्याने न वापरलेला /२४ उचलला, तो व्हॅलिडही ठरला आणि जास्त नेमका म्हणून जिंकलाही. ऑक्टोबर २०२२ चा आरएफसी ९३१९ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) यासाठीच सांगतो की जे प्रीफिक्स प्रत्यक्ष अनाउन्स करता, तेवढ्यांचेच आरओए करा.

तुमची तुकड्यांची सोय त्यामुळे जाते, हे खरे. मी करते ते असे : ज्या /२४ मध्ये डीएनएस, मेल, लॉगिन अशा जिवाच्या गोष्टी आहेत, तो कायमच वेगळा अनाउन्स करायचा आणि त्याचा स्वतंत्र आरओए ठेवायचा. बाकीच्यांचे आरओए नेमक्या लांबीचे, आणि आणीबाणीत नवा आरओए बनवण्याची तालीम नॉकमधल्या प्रत्येकाने करून ठेवायची. पोर्टलचा पासवर्ड एकाच माणसाकडे असून चालत नाही, आणि त्या खात्याला दुहेरी पडताळणी हवीच. जानेवारी २०२४ मध्ये ऑरेंज स्पेनचे राइपमधले खाते कोणीतरी बळकावले आणि चुकीचे आरओए केले, त्याबरोबर कंपनीचे स्वतःचेच रूट इनव्हॅलिड ठरून जगभर टाकले जाऊ लागले. काही तास ग्राहकांचे इंटरनेट बंद होते.

अशा खोट्या टोकाच्या हायजॅकमध्ये उजवीकडचा नंबर पाहून काही कळत नाही, त्याच्या शेजारचा पाहावा लागतो. तुमचे अपस्ट्रीम आणि पीअर (बरोबरीने थेट जोडलेली नेटवर्क) कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे. पाथमध्ये तुमच्या लगत तिसराच नंबर दिसला की तोच गुन्हेगार, आणि त्याच्या डावीकडच्याला फोन. तुमच्या अलर्टमध्येही शेजाऱ्यांची ही यादी भरा. कोण कोणाचा अपस्ट्रीम हे सही करून नोंदवणाऱ्या एएसपीए या पद्धतीवर आयईटीएफमध्ये (इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेत) काम चालू आहे. ती रुळेपर्यंत अपस्ट्रीमचे फिल्टर आणि तुमची नजर यांवरच भिस्त.

प्रश्न : समोरचे नेटवर्क दाद देत नसेल तर आम्हीही त्यांचा एखादा प्रीफिक्स अनाउन्स करून त्यांना जाग आणावी का?

उत्तर : नाही. त्यांच्या पत्त्यांवर त्यांचे ग्राहक आहेत, त्यात कोणाचे दवाखाने असतील, कोणाच्या बँका, आणि त्यांनी तुमचे काही केलेले नाही. शिवाय तुमचा अपस्ट्रीम तुमचे सेशन बंद करू शकतो, आणि तुमच्या पुराव्याला अर्थ उरत नाही, कारण त्या घडीपासून हायजॅक करणारे तुम्हीही आहात.

त्यांचा अपस्ट्रीमही ऐकत नसेल तर त्याच्या वरचा गाठा. पाथमध्ये डावीकडे सरकत जा, कुठेतरी असे मोठे नेटवर्क लागते ज्याने मॅनर्सच्या (रूटिंगच्या सुरक्षेसाठीच्या स्वेच्छा उपक्रमाच्या) यादीत नाव नोंदवून आपल्या ग्राहकांचे रूट तपासण्याची हमी दिली आहे. त्यांना त्या हमीची आठवण करून देता येते. प्रादेशिक नोंदणी संस्थेला कळवा, पण ती कोणालाही रूट मागे घ्यायचा हुकूम देऊ शकत नाही, हे धरून चला. पत्त्यांच्या नोंदीतच कोणी फेरफार केला असेल किंवा तुमच्या नावाचे खोटे अधिकारपत्र दाखवले असेल, तर मात्र ती चौकशी करते. हेतू लुटण्याचा दिसत असेल तर तुमच्या देशाच्या सर्ट (सायबर घटना हाताळणाऱ्या) संस्थेकडे आणि पोलिसांकडे तक्रार द्या, सोबत ते यूटीसी वेळेसकट पाथ जोडा. आणि तोवर तुमचा /२४ मागे घेऊ नका. त्यांचा रूट दिसेनासा झाला म्हणजे फिल्टर बसलाच असे नाही, राउटर पुन्हा सुरू झाला की तो परत येतो. त्यांच्या अपस्ट्रीमकडून 'फिल्टर लावला' असे लेखी येईपर्यंत तुमचा /२४ अनाउन्स करत राहा.